भिंतीच्या रंगाचे विमान

एका उघड्या पठारावर एकदा एक वृद्धा विमाने बांधत असे. वृद्धा म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर लगेच जपमाळ येते. ती कृपया बाजूला ठेवावी. या बाईच्या हातात कात्री असे, कानस असे आणि गरम इस्त्री असे. नळ्यांचा नि लाकडाचा सांगाडा जोडायचा, त्यावर कापड चिकटवायचे, कापडावरून इस्त्री फिरवायची. मग ते आकसून असे ताठ होई की बोटाने टिचकी मारली तर ढोलकीसारखे वाजे. एका माणसापुरते विमान. त्यात बसून ती स्वतः पुष्कळदा आभाळात जाऊन आली होती आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली होती. या धंद्यात याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही.

तिच्याकडे एक शिष्य आला. रंगाऱ्याचा मुलगा. बाप गावोगाव लोकांची घरे रंगवीत आयुष्यभर शिडीवर उभा राहिला आणि जाताना मुलाला एक रुंद ब्रश ठेवून गेला. मुलाला शिडीच्याही वर जायचे होते.

सांगाडा झाला, कापड ताणून झाले, तेव्हा वृद्धेने रंगाचा डबा पुढे सरकवला. शिष्याने डब्यावरचे चित्र पाहिले. दिवाणखाना, सोफा, हसणारे कुटुंब.

"माई, हा तर भिंतीचा रंग! पाण्यात कालवतात तो."

"मग? विमानाचा खास रंग परवडत नाही तुला, आणि त्याचा वास माझ्या छातीला परवडत नाही. हा निभावतो. मात्र रीत सांभाळायची. पहिल्या हाताला भरपूर पाणी घाल. पातळ कर. आणि वरवर फिरवू नकोस, धाग्याधाग्यात जिरव."

शिष्याने बापाचा ब्रश काढला आणि पहिला हात मारला. सायंकाळी तो खिन्न होऊन म्हणाला, "दिवसभर राबलो, काहीच दिसत नाही."

"दिसायला कुठे मारलाय? धरायला मारलाय. रंग कापडावर बसला तर उठून जातो. कापडात उतरला तर राहतो."

त्यावर एक काळा हात मारायचा, कारण ऊन कापड खाते आणि काळ्यातून ऊन आत जात नाही. त्यावर पांढरा, तोही पातळ. झाले. पांढऱ्यात ब्रशाच्या रेघा दिसत होत्या. वृद्धा समाधानाने म्हणाली, "शेपूट उचलून बघ." शिष्याने विमानाचे शेपूट एका हाताने अलगद उचलले. "हलके आहे. असेच ठेव."

त्याच सुमारास एक व्यापारी पठारावर आला. विमानांचे खास रंग विकणारा, मनुष्य मनाने वाईट नव्हता. पण जिभेला लगाम नव्हता आणि सोबत विमान उडवणारी चार मंडळी होती. शेपटाजवळ उभा राहून त्याने त्या रेघांवर बोट फिरवले.

"आजीबाई, हे विमान की बैठकीची खोली? पडदे कुठे लावायचे? रंगारी बोलावला होता वाटतं!"

मंडळी हसली. वृद्धाही हसली. "पडदे तुमच्याकडून, शेठ. निळे आणा."

शिष्य मात्र हसला नाही. त्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढले. 'पडदे' हा शब्द त्याला लागला नव्हता. 'रंगारी' लागला होता.

पुढे वृद्धा काही दिवस लेकीकडे गेली. शिष्याने तेवढी संधी साधली. गाड्यांना मारतात तो चकचकीत लॅकर आणला, फवारणीचे यंत्र भाड्याने आणले आणि रेघा झाकल्या. पंखांवर थोडा मारला. शेपटावर जास्त, कारण व्यापारी तिथेच उभा राहिला होता, आणि विमान दूर जाताना लोकांना शेवटी शेपूटच दिसते. परंतु कापड हलते, त्याबरोबर भिंतीचा रंगही रबरासारखा हलतो. हा कडक लॅकर हलेना. त्याला चिरा पडल्या. शिष्याने चिरांवर आणखी एक हात मारला. त्याला पुन्हा चिरा. पुन्हा हात. शेवटी शेपूट आरशासारखे झाले. त्यात त्याला स्वतःचे तोंड दिसले आणि ते त्याला आवडले.

पहिल्या उड्डाणाचा दिवस आला. शिष्याने व्यापाऱ्याला मुद्दाम बोलावले होते. वृद्धा परतली ती थेट माळावरच.

"अरे वा!" व्यापारी चकित झाला. "हा कोणता माल?"

"बाहेरून मागवला," शिष्य म्हणाला.

वृद्धेने ते ऐकले. विमानाभोवती एक सावकाश फेरी घातली. शिष्य शिरस्त्राण बांधत होता. तेवढ्यात तिने पिशवीतून खोकी बंद करायची रुंद चिकटपट्टी काढली, शेपटावर लावली, अंगठ्याने घट्ट दाबली आणि खस्सकन ओढली. हातभर चकाकी पट्टीबरोबर सोलून आली, सापाच्या कातीसारखी. तिने दुसरी पट्टी लावली. ओढली. तिसरी.

"माई! काय करताय?" शिष्य धावला. "लोक बघतायत!"

"बघू देत. लोक खाली राहणार आहेत. वर तू जाणार आहेस."

"सगळी शोभा घालवलीत!"

"शेपूट उचल."

"आता?"

"आताच. उचल."

त्याने एका हाताने उचलून पाहिले. हलले नाही. दोन्ही हात लावले, कण्हला, तेव्हा कुठे उठले. त्याने ते खाली ठेवले आणि तिथेच उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला; कारण शिकलेले तो विसरला नव्हता, फक्त आठवायचे टाळत होता.

"मग तूच सांग," वृद्धा म्हणाली, "असा गेला असतास तर काय झालं असतं?"

"शेपूट खाली ओढलं गेलं असतं. नाक वर गेलं असतं." तो थांबला. "नाक खाली करायचा दांडा कितीही पुढे ढकलला असता तरी ते खाली आलं नसतं."

"आणि विमान?"

"विमान आलं असतं खाली."

वृद्धेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बोलली ती मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू येईल असे.

"शेठचा रंग उत्तम आहे, बाळा. मिळाला असता तर मीही लावला असता. आपला रंगही खोटा नाही. या दोहोंच्या मध्ये तू जो लावलास ना, तो रंगच नव्हे. ती लाज आहे. लाजेला धरायला धागा नसतो, म्हणून ती चिरते. चिरली की माणूस तिच्यावर आणखी एक थर देतो. आणि नेमकी ती तिथेच साचते, जिथे चिमूटभर वजनसुद्धा माणसाला पालथं घालतं. तुझं विमान रंगानं जड झालं नाही. एका थट्टेनं जड झालं. माझी चूक एवढीच, की तेव्हा मी हसले आणि तुझ्याकडे बघितलं नाही."

शिष्याने शिरस्त्राण काढले. तो व्यापाऱ्यासमोर जाऊन उभा राहिला.

"शेठ, बाहेरून काही मागवलं नाही. खाली भिंतीचाच रंग आहे. आणि त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, रंगारी बोलावला होता का? बोलवावा लागला नाही. माझा बाप रंगारी होता. ब्रशही त्याचाच."

व्यापारी शेपटाजवळ गेला. जिथून चकाकी सुटली होती तिथे तो निस्तेज पांढरा रंग उघडा पडला होता, रेघांसकट. त्याने नख लावले. खरवडून पाहिले. चिकटपट्टी मागून घेतली, दाबली, ओढली. पट्टी कोरीच आली. तो रंगाचा माणूस होता; रंगापुरते तरी त्याला खोटे बोलता येत नव्हते.

"हे सुटत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "वडिलांनी हात चांगला बसवला होता तुझा." मग त्याने बाह्या वर केल्या. "आण इकडे ती पट्टी. माझ्या जिभेनं चढवलेलं आहे, थोडं माझ्या नखांनीही निघू दे."

"शेठ, नखं खराब होतील," वृद्धा म्हणाली.

"आजीबाई, आज तरी टोमणे नकोत."

"तुम्हाला टोमणे नकोत! हे बरं आहे."

त्या दिवशी उड्डाण झाले नाही. तो दिवस आणि पुढचे कित्येक दिवस सोलण्यात गेले. जिथे खरवडताना कापड उघडे पडले तिथे शिष्याने पुन्हा पातळ हात जिरवला, काळा, मग पांढरा, बापाच्या ब्रशाने. रेघा पुन्हा दिसू लागल्या. त्याने त्या झाकल्या नाहीत. सगळे वाळल्यावर, कोणी न सांगता, त्याने शेपूट उचलून पाहिले. एका हाताने. वृद्धा दुरून बघत होती. तिने नुसती मान हलवली.

मग एका निवांत सकाळी ते फिक्के पांढरे विमान माळावरून धावत सुटले. थोडे अंतर गेल्यावर शेपूट आपसूक वर आले, मग चाके सुटली आणि खालचे गवत दूर जाऊ लागले. शिष्याने बाजूला पाहिले. पंखावर कोवळे ऊन तिरपे पडले होते आणि त्यात ब्रशाची रेघ न् रेघ दिसत होती, जवळच्या टोकापासून दूरच्या टोकापर्यंत, शिडीवर उभ्या माणसाने सावकाश ओढावी तशी. वारा एवढा सुटला होता, पण त्यातली एकही हलत नव्हती.

खाली व्यापारी डोळ्यांवर हात धरून उभा होता.

"आजीबाई," तो म्हणाला, "भिंत उडाली की हो!"

"उडाली," वृद्धा म्हणाली. "पडद्यांचं तेवढं तुमच्याकडून राहिलं."

वाचणाऱ्यांनी इतकेच करावे: कुणाच्या हसण्यामुळे आपण कुठे कुठे चकाकी चढवली आहे ते आठवावे, आणि वर जाण्याआधी तिथे एकदा चिकटपट्टी लावून ओढून पाहावी.