चौकातला होकार

पूर्वी चंपानगरीत सोमवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजाच्या धान्यकोठाराचे रखवालदार म्हणून जन्मले होते. राजाच्या मेहुण्याने कोठारातले तांदूळ परस्पर विकले आणि आळ रखवालदारावर घातला. राजाने बायकोच्या भावाचे ऐकले आणि रखवालदाराला मृत्युदंड दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

त्या नगराची एक रीत होती. मृत्युदंड झालेल्या माणसाला वधासाठी दक्षिण वेशीकडे नेताना दवंडीवाला चौकाचौकात ढोल वाजवून विचारी, "तू चोर आहेस का?" त्याने होय म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नसे. आणि सूर्य मावळण्याआधी वेस गाठली नाही, तर दवंडीवाल्याचाच हात तोडीत.

पहिल्या चौकात बोधिसत्त्व म्हणाले, "नाही." चाबूक बसला. पुन्हा विचारले, तरी "नाही."

कुंडक दवंडीवाला काकुळतीला आला. "बाबा रे, मरायचं तर आहेच. एकदा होय म्हणून टाक. माझं हातावर पोट आहे."

बोधिसत्त्वांना त्याची फार दया आली. ते म्हणाले, "कुंडका, मी होय म्हटलं तर माझी मुलगी जन्मभर चोराची लेक होईल. पण तुझा हातही जायला नको. रीतीला होय हवं ना? मग 'तू मरायला निघालास का?' असं विचार."

सोबतच्या शिपायांनी एकमेकांकडे पाहिले. होकार मिळत होता, आणि त्यांनाही घरी जायचे होते; तिथला होकार तसाच घेऊन ते पुढे निघाले.

पुढच्या चौकात लोक दगड घेऊन उभे होते. कुंडकाने विचारले, "तू मरायला निघालास का?"

"होय."

आवाज शांत होता. लोक एकमेकांना विचारू लागले, "मग ह्यानं केलं काय?" कुणालाच सांगता येईना. दगड हातातच राहिले.

वेशीपाशी कुंडकाने ढोल वाजवलाच नाही. त्याने हात जोडून विचारले, "तुम्ही मरायला निघालात का?"

"होय," बोधिसत्त्व म्हणाले.

राजाला पुढे खरे कळले, पण तोवर फार उशीर झाला होता. त्या मुलीला मात्र नगरात कुणी कधी चोराची लेक म्हटले नाही.

पूर्वजन्मीची ही कथा एवढी सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, सभेतल्या भिक्षूंना म्हणाले, "भिक्षूंनो, ही सत्याची पारमिता, सत्य पाळण्याची पराकाष्ठा. तो रखवालदार मी होतो. कुंडक म्हणजे हा दाराशी बसलेला भिक्षू सुयाम. राजाचा मेहुणाही आज ह्याच सभेत आहे. त्याचे नाव मी सांगणार नाही. माणसाला चौकात उभे करून चोर म्हणून पुकारण्याची रीत आपण त्या वेशीवरच सोडून आलो."