रंगपंचमीची उमेदवार

वेणूला वाटलं होतं, करंजगडचे राजे रणधीरराव तिला मुलींच्या शाळेविषयी विचारतील. राजेसाहेब बोलले ते तिच्या कपड्यांविषयी!

विषय तिनंच काढला होता म्हणा. रंगाऱ्याची ही लेक विलायतेत शिकून आली होती आणि गावात मुलींची शाळा काढायची परवानगी मागायला दरबारात उभी होती.

"मी या शाळेची उमेदवार. उमेदवाराला इंग्रजीत कॅंडिडेट म्हणतात, सरकार," ती उत्साहानं सांगू लागली. "शब्द मूळचा लॅटिन. अर्थ, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला! रोममध्ये पद मागणारे तसेच लोकांपुढे जायचे."

"अस्सं?" राजेसाहेबांनी मिशीला पीळ दिला. मुलींची शाळा त्यांना नकोच होती. "मग उद्या तूही ये पांढऱ्याशुभ्र पातळात! भर बाजारातून, पायी. पातळ पांढरं राहिलं नाही, तर शाळा विसरायची. आणि रंग उडवायला कुणाला मनाई करायची नाही!"

दरबार खदखदून हसला. उद्या रंगपंचमी होती!

"पोरी, आता गं?" घरी बापानं कपाळावर हात मारला.

"आबा, दुकानात खडूची पूड किती आहे?"

"पोतंभर. का?"

"सगळी द्या!"

सकाळी वेणू बाजारात पोत्यावर चढून ओरडली, "लाल-हिरवं दरवर्षीच खेळता! आज मला भूत करा! पूड फुकट!"

मग काय! पोरं, बाया, म्हातारे, सगळे तुटून पडले. तेवढ्यात राजेसाहेबांनी मुद्दाम पाठवलेल्या शिपायानं बादलीभर गुलाबी पाणी तिच्यावर ओतलं. पण ओल्या पातळावर पूड आणखीच चिकटली! गुलाबी पार बुजलं.

दरबारात शिरली, ती पापण्यांसकट पांढरीफटक!

"मनाई केलीस?" राजेसाहेब गरजले.

"मनाई कसली, सरकार? उलट मीच पदरचा रंग वाटला!"

"हा कसला रंग! हा तर खडू!"

"रोमचे उमेदवारही झगा उजळायला खडूच फासायचे. तेवढं सांगायचं काल राहून गेलं!"

राजेसाहेब पोट धरून हसले. "जिंकलीस! शाळा तुझी, खर्च आमचा! शाळेसाठी वाड्यातलं कुठलं दालन हवं, ते सकाळी सांग."

रात्रभर वेणूनं विचार केला. सकाळी तिचा निर्णय झाला.

"शिकारीचा दिवाणखाना द्या, सरकार. आणि वाघांची मुंडकी उतरवा. तिथं फळा टांगायचाय!"