पहिल्या खेपेचा अर्ज

खाडीच्या काठी एकदा एक गुरुजी राहत असत. शाळेतून निवृत्त झालेले, कानाने तिखट आणि जिभेने त्याहून तिखट. गावातली माणसे त्यांच्याकडून अर्ज लिहून घेत. लोकांची निवेदने आपण लिहावीत म्हणून गंगाराम नावाचा एक तरुण त्यांच्याकडे शिकायला येई. हुशार होता, पण मोठा हट्टी. अलंकारांचा तर त्याला मनस्वी तिटकारा. "खऱ्या गोष्टीला दागिने कशाला?" असे तो म्हणे.

गंगाराम खालच्या वाडीचा. ही वाडी गावाची होती, पण गावाच्या रीतीत बसत नव्हती. पैलतीरी तालुक्याला जायचे तर खाडी ओलांडावी लागे, आणि त्यासाठी ग्रामपंचायतीची एक होडी होती. तिला सगळे 'तर' म्हणत. रीत अशी की, वरच्या वाडीतली माणसे आधी चढणार. खालच्या वाडीतल्यांनी धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर उभे राहायचे आणि जागा उरली तर बसायचे. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. लिहिलेली असती तर खोडता तरी आली असती! वरची वाडी चढेपर्यंत ओहोटी लागे, होडी चिखलात बसे आणि शेवटच्या पायरीवरची माणसे घरी परत जात.

गंगारामच्या बहिणीचे, शेवंतीचे, असेच झाले होते. परिचारिकेच्या प्रशिक्षणाची प्रवेशपरीक्षा तालुक्याला होती. गेल्या वर्षी ती उजाडताच धक्क्यावर येऊन उभी राहिली. पाणी उतरले, परीक्षा पैलतीरी झाली आणि ही ऐलतीरी रडत बसली. यंदाची परीक्षा सोमवारी होती. वयाच्या अटीमुळे हीच तिची शेवटची संधी. आणि त्याआधी, शुक्रवारी, ग्रामसभा होती.

गंगारामने अर्ज लिहिला आणि गुरुजींना वाचून दाखवला. "राज्यघटनेनुसार सार्वजनिक सोयींचा वापर करण्यास कोणत्याही नागरिकास प्रतिबंध करता येत नाही. सदर बाबीची नोंद घेऊन उचित कार्यवाही व्हावी, ही विनंती."

गुरुजी ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी कानामागे हात नेला. "काय म्हणालास?"

गंगारामने पुन्हा वाचले, जरा मोठ्याने.

"अं? काय म्हणालास?"

गंगारामला नवल वाटले. गल्लीच्या टोकाला कुणी कुजबुजले तरी ज्यांना ऐकू येते, त्या गुरुजींना आज झाले तरी काय? त्याने कागद बाजूला ठेवला. "तरीत आम्हाला शेवटी चढवतात, गुरुजी. ते बंद व्हावं, असं लिहिलंय."

"कोण शेवटी चढवतं? नीट बोल रे बाबा!"

आता मात्र गंगारामचा पारा चढला. तो उठून उभा राहिला. "आम्ही थांबतो, गुरुजी! वरची वाडी चढेपर्यंत थांबतो. त्यांच्या आंब्याच्या पेट्या चढेपर्यंत थांबतो. त्यांच्या शेळ्या चढेपर्यंत थांबतो! शेळीला तरीत जागा आहे आणि माझ्या शेवंतीला नाही? भरती आमच्यासाठी कधी थांबली आहे का? मग आम्हीच का थांबायचं?"

गुरुजींनी अडकित्ता खाली ठेवला. "वा रे पठ्ठ्या! आता ऐकू आलं. हे लिही."

"म्हणजे तुम्ही सोंग करत होता?" गंगारामचे डोळे भरून आले. "आमच्या दुःखाची थट्टा, गुरुजी? आणि हे असलं लिहायचं म्हणजे गयावया करायची. हा आमचा हक्क आहे, भीक नव्हे."

"गयावया? अरे, तू आत्ता उभा राहून बोललास, त्यात गयावया कुठे होती?" गुरुजींनी त्याला हाताला धरून शेजारी बसवले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "ऐक. अलंकार पुस्तकात नंतर गेले. आधी ते माणसाच्या गळ्यात जन्मले. सरपंच नुसतं 'चहा' म्हणतात आणि चहा येतो; त्यांना तोच शब्द परत उच्चारायची गरज काय? ज्याचं एकदा सांगून कुणी ऐकत नाही, त्यालाच 'थांबतो, थांबतो' असं पुन्हा पुन्हा म्हणावं लागतं. ज्याला बोट दाखवून दोष देता येत नाही, तो प्रश्न विचारतो, आणि उत्तर ऐकणाऱ्याच्याच तोंडून काढतो. 'कोणत्याही नागरिकास' म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर कुणी येत नाही. 'शेवंती' म्हटलं की एक पोर पायरीवर उभी दिसते. हे दागिने नव्हेत, बाळा. न ऐकणाऱ्या गावापुढे माणसानं कमावलेलं बळ आहे हे. मला त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटतात."

"आणि घटनेचं कलम?"

"ते राहू दे जागच्या जागी. पाया म्हणून ते हवंच, त्याच्याशिवाय नुसता आवाज. फक्त घडलं नाही असं एक अक्षरही घालू नकोस. एक शेळी खोटी निघाली तर सगळा अर्ज बुडेल."

शुक्रवारी ग्रामसभा भरली. गंगाराम वाचायला उभा राहिला तेव्हा सरपंच शेजाऱ्याशी पाणीपट्टीबद्दल बोलत होते. 'आंब्याच्या पेट्या' म्हटल्यावर त्यांनी मान वळवली. 'शेळ्या' म्हटल्यावर मागे कुणीतरी फिदीफिदी हसले, पण ते हसू एकट्याचेच राहिले आणि ओशाळून विरले. मग गंगारामने बहिणीचे नाव घेतले. गेल्या वर्षीची सकाळ सांगितली. शेवटी वाचले, "भरती सगळ्यांची आहे. होडी सगळ्यांच्या करातून चालते. मग शेवटची पायरी तेवढी आमची कशी?" आणि त्याखाली, शांतपणे, घटनेचे कलम.

"पूर्वापारची रीत आहे ही," वरच्या वाडीतले एक गृहस्थ म्हणाले. पण म्हणताना ते कुणाकडेच पाहत नव्हते.

सरपंचांनी हात वर केला. "थांबा जरा. पोरा, ते पायरीचं पुन्हा वाच."

गंगारामने चमकून गुरुजींकडे पाहिले. गुरुजी जमिनीकडे बघत होते, पण मिशीत हसत होते. त्याने पुन्हा वाचले.

तेवढ्यात वरच्या वाडीतली भागीरथीकाकू पदर खोचून उभी राहिली. "त्या शेळ्या माझ्या," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? गेल्या वर्षी मीच चढवल्या. पोरगी पायरीवर उभी होती, मला दिसत होती. पण दिसूनही दिसली नव्हती. मेल्यांनो, तिला आधी चढू द्या. माझ्या शेळ्यांना कुठे परीक्षा द्यायचीय?"

सभेत हशा पिकला आणि हवा एकदम सैल झाली. सरपंच म्हणाले, "झालं तर मग! सोमवारी शेवंतीला पहिल्या खेपेत बसवा. होडीच्या तांडेलाला निरोप द्या."

सगळ्यांना वाटले, काम फत्ते झाले. शेवंतीच्या आईने तर हात जोडलेसुद्धा. पण गंगाराम खाली बसेना.

"उपकार आहेत, साहेब. पण हा अर्ज शेवंतीचा नाही. ती आमच्यातली एक, तुम्हाला दिसावी म्हणून तिचं नाव घेतलं. तिच्यामागे सगळी वाडी उभी आहे. एकीला चढवून पायरी तशीच ठेवाल, तर मी वाचलेलं तुम्ही ऐकलंच नाही असं होईल."

आईचा जीव टांगणीला लागला. पदरात पडलेलेही आता जाते की काय! सरपंचांचा चेहरा क्षणभर लाल झाला. मग त्यांनी कागद मागून घेतला आणि स्वतः वाचला, ओठ हलवत, अगदी खालच्या कलमापर्यंत. "लिहून घ्या," ते ग्रामसेवकाला म्हणाले. "धक्क्यावर जो आधी येईल, तो आधी चढेल. कुणीही असो."

सोमवारी सकाळी भरतीचे पाणी धक्क्याला लागले होते. गुरुजी आणि गंगाराम वरच्या पायरीवर उभे होते. तांडेलाने दोर सोडवत हाक दिली, "चला, आधी कोण आलंय?"

"मी," शेवंती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता, कापत होता. एवढ्या गलबल्यात तो विरून जाईल असे गंगारामला वाटले, आणि तिचे म्हणणे मोठ्याने सांगायला त्याने तोंड उघडले.

तांडेल मात्र केव्हाच बाजूला सरला होता. तिला चढायला त्याने हात पुढे केला.

"मिट तोंड," गुरुजी हळूच म्हणाले. "तिला एकदाच म्हणावं लागलं."

आपल्या शब्दांना एवढे बळ द्यावे, की आपल्यामागून येणाऱ्याचे साधे 'मी' पुरेसे व्हावे.