साहेबांचा मोबाईल आणि हौदाचं कुंपण

वैजयंता भलतीच घाबरट. बादलीतल्या पाण्यावरही परात झाकायची. नवरा म्हणे, "आता चहाच्या कपालाही कठडा बांध."

ती राखत असलेल्या बंगल्यात पोहण्याचा हौद होता. त्याचं कुंपण तपासायला नगरपालिकेचे मोहिते साहेब आले आणि खुर्चीतूनच म्हणाले, "पास. यातून मूल आत जात नाही."

"साहेब, खाली फट आहे. माझी ओवी दीड वर्षाची."

"बाई, शिकलात किती?"

"सातवी, तीही ढकलत ढकलत. म्हणून माझं डोकं चालत नाही. तुमचा मोबाईल जरा हौदाच्या काठावर ठेवता? ओवीला मोबाईल दिसला की ती धावते. कुंपण पास असेल, तर पोचणार नाही."

साहेबांनी मोबाईल खिशात घातला आणि ते उठले.

"फट कुठंय, दाखवा."