सातवी ब, एकोणीस नंबर

"म्हणजे सर, यातल्या नेमक्या कोणाला फॉलो करू?"

शिकलगार सर सुईत दोरा ओवत होते. त्यासाठी मिटलेला डोळा तसाच मिटलेला ठेवून त्यांनी विचारलं, "किती जण आहेत?"

"सत्तेचाळीस."

"एवढ्यांच्या मागं फिरायचं तर चपला किती झिजतील, बाई."

कणसेबाई हसल्या नाहीत. रविवारची सकाळ घालवून त्या विनोद ऐकायला आल्या नव्हत्या.

शिकलगार सर आमच्या हायस्कुलात बत्तीस वर्षं ग्रंथपाल होते. त्यांच्या वाचनालयात इतकी शांतता असे की वाळवीसुद्धा टाचा उचलून चालायची, असं मी परगावच्या लोकांना सांगतो. खरी गोष्ट उलटी आहे. तिथं इतका गलका असे की शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर खिडकीतून खडू फेकून मारत. सर ते खडू डब्यात जमवत आणि महिनाअखेरीला मास्तरांना नेऊन देत.

निवृत्त झाल्यापासून ते घराच्या ओट्यावर बसून गावभरची फाटकी पुस्तकं शिवतात. खळ स्वतः शिजवतात. कसर लागू नये म्हणून तीत मोरचूद घालतात.

त्यांच्या जागेवर बऱ्याच वर्षांनी माणूस आलं, ते म्हणजे ऋतुजा कणसे. ग्रंथालयशास्त्रात विद्यापीठात पहिल्या. जूनमध्ये रुजू झाल्या आणि महिन्याभरात तीन हजार पुस्तकं विषयवार लावून प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक चिकटवला. खोली अशी लखलखीत झाली की आत जायला पोरं बिचकू लागली. मग जाईनाशी झाली.

परवा मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, "कणसे मॅडम, दिवाळीपर्यंत खोली अशीच ओस राहिली तर तिथं स्कॉलरशिपचे जादा तास घेऊ. तुम्ही ऑफिसात बसा. दाखले लिहायला माणूस हवंच आहे."

म्हणून बाई इथं आल्या होत्या. दाराशी सँडल काढून, चटईवर बसून, मांडीवर रंगीत छापलेली यादी घेऊन. देशोदेशीच्या ग्रंथपालांच्या संघटना, त्यांची मासिकं, बालसाहित्याचे ब्लॉग, वेबिनार, तीन व्हॉट्सॲप ग्रुप, आणि फिनलंडच्या कोणा बाईंचा पॉडकास्ट.

"हे सगळं वाचता?" सरांनी विचारलं.

"सेव्ह करून ठेवते."

"आणि?"

"सुट्टीत वाचणार आहे. म्हणून तर म्हणते, तुम्ही यातले पाच निवडून द्या. कामाचे पाच."

सरांनी पुस्तकाच्या घड्यांमधून सुई बाहेर काढली. दोरा ताणला.

"एखादं पोर टेबलापाशी येऊन म्हणालं, बाई, एक चांगलं पुस्तक द्या. काय देता?"

"लगेच देत नाही," बाई म्हणाल्या. हा प्रश्न त्यांना पेपरात आला होता. "आधी त्यालाच विचारायचं. कशासाठी हवंय, याआधी काय आवडलं, कितपत वाचता येतं. वाचक पहिल्यांदा जे मागतो ते त्याला हवं असतंच असं नाही. उलट प्रश्न विचारत विचारत खऱ्या गरजेपाशी जायचं."

"छान. किती मार्क होते?"

"दहा. साडेनऊ मिळाले."

"मग सांगा, तुम्हाला काय हवंय?"

"मला… अपडेट राहायचंय."

"हे 'चांगलं पुस्तक द्या' झालं."

खळीच्या भांड्याभोवती एक माशी फिरत होती. तिलाही बहुधा मोरचुदाचं कळलं असावं.

"पोरं येत नाहीत, सर," बाई हळूच म्हणाल्या. "मी सगळं नियमाप्रमाणे केलंय. आणि ती खोली जाणार आहे."

"शेवटचं कोण आलं होतं?"

"एक मुलगी. सातवी ब, एकोणीस नंबर."

"नाव?"

"…रजिस्टरमध्ये बघावं लागेल."

सरांनी दोऱ्याला गाठ मारली.

"काय मागत होती?"

"मुक्या माणसाशी बोलायचं पुस्तक आहे का, म्हणाली. खुणांच्या भाषेचं. विषयवार क्रमांकात ते चारशे एकोणीसला यायला हवं. जाऊन बघितलं तर चारशे एकोणीसला एकही पुस्तक नव्हतं."

"मग?"

"तसं सांगितलं तिला."

"काय सांगितलं?"

"की… चारशे एकोणीस रिकामं आहे."

शिकलगार सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हसू लपवायला माणसं नाना उपाय करतात. सरांचा हा.

"कशासाठी हवं होतं तिला?"

"विचारलं नाही."

"साडेनऊ मार्क," सर म्हणाले. स्वतःशीच.

बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "पुन्हा आलीच नाही ती. मी काय करायला हवं होतं?"

"मला काय विचारता? तुमच्याकडे सत्तेचाळीस जण आहेत. त्यातल्या कोणाला हे माहीत असेल?"

बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. फिनलंडपाशी थांबलं, पुढं सरकलं. एकतिसाव्या ओळीवर ते अडकलं. शाळांच्या ग्रंथपालांचा ग्रुप. सभासद सहाशे.

"यात कोणीतरी असेल. पण मी तो म्यूट केलाय."

"का?"

"कोणी ना कोणी सारखं काहीतरी विचारत असतं, सर. अगदी साधंसाधं."

"तुम्ही कधी विचारलंय?"

"मी नुसती फॉलो करते."

"मग आज विचारा."

बाईंनी फोन हातात घेतला. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. पुन्हा लिहिल्या, पुन्हा खोडल्या. त्या ग्रुपवर त्यांच्याबरोबर शिकलेली वीस माणसं होती, दोन प्राध्यापक होते. विद्यापीठात पहिली आलेली बाई सातवीच्या पोरीच्या प्रश्नावर अडली, हे सहाशे जणांना कळणार होतं.

"कसं लिहू?"

"मला माहीत नाही, असं लिहा."

"तुम्हाला माहीत नाही?"

"मला नाही. तुम्हाला. तेच लिहा."

बाईंनी डोळे मिटून बोट टेकवलं. संदेश गेला. फोन त्यांनी चटईवर उपडा ठेवला, जणू आतून सहाशे जण बघत होते.

इकडे सरांनी त्यांच्या मांडीवरची यादी उचलली, तिची एक लांब पट्टी फाडली, तिला खळ लावली आणि शिवलेल्या पुस्तकाच्या पाठीवर आतून चिकटवली.

"सर, ती माझी यादी…"

"कागद चांगला आहे. शिवण धरून ठेवील."

बाईंनी जरा चिडूनच विचारलं, "तुम्ही कोणाला फॉलो करत होता? तुमच्या वेळी तर यातलं काहीच नव्हतं."

सरांनी मागच्या कोनाड्यातून एक जाड वही काढून पुढं सरकवली.

मुखपृष्ठावर एकच शब्द होता. 'नाही'.

ज्या ज्या पोराला सरांनी 'नाही, असलं पुस्तक आपल्याकडे नाही' असं सांगितलं, त्याचं नाव तीत होतं. घर कुठं तेही. आणि प्रश्न. बत्तीस वर्षांचे. काहींच्या पुढं बरोबरची खूण, तारखेसकट. (त्यात माझंही नाव आहे. माझा प्रश्न चारचौघांत सांगण्यासारखा नाही.)

बाईंनी मधलंच पान उघडलं. 'मारुती ढेबे, पाचवी अ, खालची वाडी. पहाट झाली हे कोंबड्याला कसं कळतं?' तारीख एक्क्याण्णवची. पुढं खूण. तिची तारीख दोन हजार तेराची.

"बावीस वर्षं?" बाई म्हणाल्या.

"पुस्तक उशिरा मिळालं."

"आणि मुलगा?"

"मुलगा कुठला आता. हवालदार झाला होता. एसटीने गेलो."

पुढची हकिगत सर सांगत नाहीत, म्हणून मला सांगावी लागते. मारुती ढेबे भर चौकात ड्युटीवर होता. सरांनी पुस्तक हातात दिलं. त्याने शिट्टी वाजवली, दोन्हीकडची वाहनं थांबवली आणि ते पान उभ्या उभ्या वाचून काढलं. तीन मैल रांग लागली होती, असं मी म्हणतो. सर म्हणतात, एक टेम्पो होता.

चटईवरचा फोन थरथरला.

बाईंनी झडप घातली. कोणीतरी गुलाबाच्या फुलासकट शुभ सकाळ म्हटलं होतं. दुसऱ्याने अंगठा दाखवला होता. दोघा-तिघांनी लिहिलं होतं, 'आम्हालाही हवंय, मिळालं तर कळवा.' त्यातले एक प्राध्यापक होते.

बाई ते नाव बराच वेळ बघत राहिल्या.

फोन पुन्हा थरथरला. या वेळी बाईंचा चेहरा उजळला. "सर, कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या ग्रंथपाल आहेत. पुष्पलता मगदूम. त्यांच्याकडे चित्रांची पुस्तकं आहेत, तक्ते आहेत. पाठवते म्हणतायत."

"वा."

"पुढं लिहिलंय…" बाई वाचू लागल्या. "'मुलीचं नाव काय? तिला कोणाशी बोलायचंय? धाकट्या भावंडाशी, मैत्रिणीशी, की आजोबांशी? समोरच्याला लिहिता-वाचता येतं का? प्रत्येकासाठी पुस्तक वेगळं. तेवढं कळवा, उद्याच पार्सल टाकते.'"

बाईंचा आवाज शेवटाकडे बारीक होत गेला.



"सर, त्या थांबल्यात. टायपिंग करतायत पुन्हा." बाईंचा अंगठा फोनवर नुसताच तरंगत होता. "त्यांना काय उत्तर लिहू?"

शिकलगार सरांनी खळीच्या भांड्यावर झाकण ठेवलं. हात पुसले. 'नाही'ची वही काखेत मारली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"सँडल घाला, बाई."