केरबांचं उरलेलं बोलणं

"मग मी चुकले कुठे, पाळकसाहेब?"

पर्सिस सोनवणे ही चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघाची पुढारी. उन्हाळ्यात पोरांना सातपुड्यातल्या पाड्यांवर सेवेला न्यायचं तिनं मनावर घेतलं होतं. त्याआधी त्यांची काळजं मऊ व्हावीत म्हणून ती त्यांना गावाबाहेरच्या कुष्ठधामात घेऊन गेली होती.

त्याला आता महिना उलटला होता.

म्हातारे खरातपाळक देवळाच्या पायरीवर बसून ऐकत होते.

"पोरांनी गाणी म्हटली, फळं वाटली," पर्सिस म्हणाली. "मग मी सगळ्यांना अंगणात गोळा केलं. करुणेवर बोलायला."

"सगळी आली?"

"शिफ्रा सोडून."

शिफ्रा पंधराची. अबोल पोर. ती आत केरबा नावाच्या म्हाताऱ्याच्या खाटेवर बसली होती. त्यांचा बोटं झडलेला हात तिनं हातात घेतला होता, आणि ते तिला काहीतरी सांगत होते.

"मी हाका मारल्या. म्हणाली, ताई, बाबांचं बोलणं संपू दे. शेवटी दंडाला धरून उठवलं. शिस्त नको का? सगळ्यांदेखत बोललेही. असल्या आडमुठ्या पोरीला पाड्यावर कोण नेणार, म्हटलं."

"आणि केरबा?"

"शिफ्रा त्यांना म्हणाली, उरलेलं उद्या सांगा. मी येते."

"गेली?"

पर्सिसनं मान खाली घातली.

"एकटीनं जायचं नाही, असं मीच बजावलं. रविवारी नेते म्हटलं... रविवारच्या आत ते वारले."

पाळकांनी मान वर करून देवळाच्या घंटेकडे पाहिलं.

"तेव्हापासून ती संघात येत नाही. बाकीची येतात, पण नजर देत नाहीत." पर्सिसचा आवाज उतरला. "खरं सांगू? हे मी घरीसुद्धा काढलेलं नाही. केरबांच्या मातीला गेले होते. तिथं शिफ्रा उभी होती. तिला बघितलं, आणि माझ्या मनात..."

पाळक उठले.

"थांब. भक्तीची वेळ झाली."

आणि आत निघून गेले.

पर्सिस तशीच बसून राहिली. घंटा झाली. माणसं तिच्या बाजूनं पायऱ्या चढून आत गेली. कुणी 'येशू सहाय' म्हटलं, तिनंही म्हटलं. गळ्याशी आलेलं गिळावं लागलं. आधी राग आला. मग लाज वाटली... आपण उगाच बोललो, असं वाटलं.

भक्ती सुटल्यावर पाळक बाहेर आले. पुन्हा तिच्याशेजारी टेकले.

"हं. काय सांगत होतीस?"

"आता नाही सांगता येत."

"का?"

"तेव्हा येत होतं, पाळकसाहेब. आता ते..."

बोलता बोलता ती थांबली.

शिफ्राला ओढून नेताना केरबांचा हात तसाच पुढे राहिला होता. तोंड अर्धवट उघडं होतं. पर्सिसनं ते पाहिलं होतं. पाहून पाठ फिरवली होती, कारण अंगणात पोरं वाट बघत होती.



"काय सांगायचं होतं त्यांना?" तिनं हळूच विचारलं. "शिफ्राला ठाऊक असेल?"

"अर्धं."

"आणि उरलेलं?"



पर्सिसनं पदरानं डोळे पुसले. उठून चपला पायात सरकवल्या.

"मी तिच्या घरी जाते. आत्ताच. पण तिच्याशी काय बोलू?"

"काही बोलू नकोस."

"मग ती तरी बोलेल का?"

"बहुधा गप्पच राहील..." पाळक म्हणाले. "तेवढं ऐकून ये."