उघड्या गाठीची माळ

एकदा काय झालं, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. झुळकेवाडी त्याचं नाव. त्या गावाला वर्षातून एकदा एक पाहुणा यायचा. माणूस नव्हे हं. वारा!

रोजचा वारा वेगळा, हा वेगळा. रोजचा वारा धूळ उडवतो, वाळत घातलेली लुगडी पाडतो. हा मात्र अनवाणी चालत आल्यासारखा यायचा, पाऊल न वाजवता. माघात तुरी घरात येऊन पडल्या, की पुनवेच्या संध्याकाळी यायचा. रंगानं निळसर. हो, डोळ्यांना दिसायचा तो, लांबच्या धुरासारखा.

गावाच्या मधोमध एक जुनी जांभूळ होती. घराघराची तिच्यावर एकेक फांदी. त्या संध्याकाळी प्रत्येक घरानं आपल्या हातची एक माळ आपल्या फांदीला अडकवायची. कुणी बियांची करायचं, कुणी लाखेच्या मण्यांची, कुणी कवड्यांची. मग वारा यायचा आणि सगळ्या माळा उचलून न्यायचा. कुठं? लांब. जिथलं बोलणं आपल्याला कळायचं नाही, जिथली झाडं आपण कधी बघितली नाहीत, तिथं. आणि सकाळी बघावं तर काय! प्रत्येक फांदीवर तिकडची एक माळ लोंबतेय. कुणी केली ठाऊक नाही. ती गळ्यात घालायची आणि वर्षभर मिरवायची. आपल्या हातची आपण घालायची नाही, असा त्या गावाचा रिवाज होता, बरं का.

आणि एक होतं. ज्या घराची फांदी तीन वर्षं ओळीनं रिकामी राहील, ती फांदी वाळायची. मग वारा त्या घराला विसरायचा, तो कायमचाच.

तर त्या गावात रुंजी नावाची सून आली. तिचं माहेर दूर, पठारावर. बोटं अशी चपळ, की रिठ्याच्या बीला बाभळीच्या काट्यानं भोक पाडायची आणि बी चिरायची नाही. घरात तिची मोठी नणंद होती, ठकूवन्सं. जिभेची तिखट. इतकी वर्षं त्या घरची माळ ठकूवन्संच करायची. रुंजी आली तशी ती म्हणाली, "घे बाई, आता हे तुझं. माझे डोळे गेले."

रुंजीनं माळ ओवली. एक लाल गुंज, एक काळा रिठा, एक लाल गुंज, एक काळा रिठा. मग तिनं शेजारणींच्या माळा लांबूनच हळूच बघून घेतल्या. सगळ्यांनी शेवटची गाठ मारलीच नव्हती. दोऱ्याची दोन्ही टोकं मोकळी. रुंजीनं कुणाला काही विचारलं नाही. आपणही टोकं मोकळी ठेवली आणि माळ फांदीवर टाकली.

सकाळी काय? जांभळीखाली गुंजाच गुंजा! सगळी माळ ओघळून गेलेली. कोंबड्या टोचा मारून बघत होत्या. गावच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. ठकूवन्सं म्हणाली, "वहिनी, वाऱ्याला माळ धाडायची होती, पेरणी नव्हती करायची!"

रुंजी खाली बसली आणि एकेक गुंज वेचली. तिला इतकं लागलं, इतकं लागलं, की तिनं मनाशी ठरवलं, आता आपली माळ सुटू द्यायची नाही.

मग दुसरं वर्ष आलं. रुंजीनं आदल्या वर्षीपेक्षा देखणी माळ केली. गळ्याशी चपखल बसेल अशी. आणि शेवटी गाठ मारली. एक नाही, दोन नाही, सात पदरी गाठ. उरलेली टोकं दातानं तोडली. माळ पदराखाली लपवून नेली आणि फांदीवर टाकली. वारा आला. माळ अलगद उचलली आणि गेला. रुंजीला झोप कशी ती लागली नाही. उजाडायच्या आत ती जांभळीखाली जाऊन उभी.

सगळ्यांच्या फांद्यांवर परक्या माळा. हाडांच्या, लाकडाच्या, रंगीत मातीच्या. आणि रुंजीच्या फांदीवर? तिचीच माळ. परत आलेली. म्हणजे फांदी यंदाही रिकामीच!

"वहिनी," ठकूवन्सं म्हणाली, "तुझी माळ म्हणजे सासर न मानवलेली पोर गं. गेली तशी आली!"

रुंजीनं ती फांदीवरून काढून घेतली. माळ घरात नेली आणि खुंटीला अडकवली. वर्षभर तिच्याकडं बघितलं नाही. इकडे जांभळीवरच्या त्यांच्या फांदीची पानं पिवळी व्हायला लागली. टोकाकडून, हळूहळू. येता-जाता लोक वर बघायचे आणि काही न बोलता पुढं जायचे. ते न बोलणंच रुंजीला जास्त बोचायचं.

मग तिसरं वर्ष आलं. शेवटचं. वारा यायला तीन दिवस राहिले. रुंजीनं नवी माळ करायला घेतली, तर बोटं चालेनात. म्हणून तिनं खुंटीवरची माळ काढली आणि उन्हात धरली. वर्षात पहिल्यांदाच नीट बघितली.

गाठीवर दातांच्या खुणा होत्या. बारीक बारीक, लहान पोराच्या असाव्यात तशा. तिनं नखानं चाचपलं, तर गाठीत काट्याचं टोक मोडून राहिलेलं. आपल्याकडचा काटा नव्हे, कसल्या तरी माशाचा. मग तिनं माळ नाकाशी नेली. गाठीला तेलाचा वास येत होता. अनोळखी तेल, गोडसर.

रुंजी उंबऱ्यावर बसूनच राहिली. म्हणजे कुणाला तरी ही माळ हवी होती! डोक्यातून घालून बघितली असेल, गेली नसेल. मग दातानं गाठ सोडून बघितली. मग काट्यानं. मग तेल लावून. सुटलीच नाही. एक सुरी लावली असती की काम झालं असतं. पण दोरा कुठं कापलेला नव्हता. दुसऱ्याच्या हातचं काम कापायचं कसं, म्हणून त्या परक्या माणसानं ती तशीच परत धाडली होती.

रुंजीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग ती उठली आणि जे दोन वर्षांत केलं नव्हतं ते केलं. ठकूवन्संपुढं जाऊन उभी राहिली.

"वन्सं, गाठ मारायची नाही, तर माळ ओघळत कशी नाही?"

ठकूवन्सं तूर पाखडत होती. सूप तिच्या हातातच राहिलं. "अगं, मेण! मेण लावत नाहीस तू?"

"कसलं मेण?"

"मधाच्या पोळ्याचं! टोकं जवळ घ्यायची, मेणाचा थेंब द्यायचा आणि वर अंगठा दाबायचा. तिकडचं माणूस मेण सोडवतं आणि आपल्या गळ्याच्या मापानं गाठ मारतं. कुणाचा गळा केवढा, आपल्याला काय ठाऊक? अगं बाई, दोन वर्षं विचारलं नाहीस मला?"

"तुम्ही तरी कुठं सांगितलंत?"

"मला वाटलं, एवढी हुशार, हिला काय सांगायचं!" ठकूवन्सं म्हणाली. मग सूप खाली ठेवून हळूच म्हणाली, "आणि हसण्यातच माझी दोन वर्षं गेली बघ. आण ती माळ इकडं."

ती कात्री शोधायला लागली, तशी रुंजीनं हात धरला. "नको वन्सं. परक्यानं कापली नाही, मी कशी कापू?"

मग दोघी गाठ सोडवायला बसल्या. पहिल्या दिवशी दोन पदर सुटले. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. तिसऱ्या दिवशी दुपार कलली तरी एक राहिलाच. तो दगडासारखा घट्ट. बाहेर शेताच्या कडेला गवत वाकायला लागलं होतं. निळं निळं काही तरी डोंगर उतरत होतं.

"वन्सं, आला तो!"

"तिकडं बघू नकोस. बोटांकडं बघ."

रुंजीनं दम धरला. ओढलं नाही, हिसडलं नाही. दोरा नुसता बोटांत फिरवत राहिली, फिरवत राहिली. आणि गाठ सुटली. ठकूवन्संनं टोकं धरली, रुंजीनं मेणाचा थेंब सोडला आणि वर अंगठा दाबला. मग जी पळत सुटली! वारा जांभळीच्या शेंड्याला लागला होता. बाकीच्या माळा उचलून झाल्या होत्या. रुंजीनं टाचा उंच केल्या आणि माळ त्या पिवळ्या फांदीवर टाकली. वारा थांबला. तिच्या हातांवरून एकदा गार फिरला, माळ घेतली आणि गेला.

सकाळी फांदीवर एक माळ होती. अगदी ओबडधोबड, बरं का. वेडेवाकडे शिंपले, एकाचा तर टवका उडालेला. कुणी धाडली, कसं कळणार? पण दोऱ्याची टोकं मोकळी होती आणि मेणावर कुणाचा तरी अंगठा होता.

रुंजीनं माळ गळ्याशी धरली आणि हात मागं नेले. गाठ काही बसेना. मानेमागं आपल्याला दिसतं थोडंच! ती चाचपडत राहिली.

"इकडं सर," ठकूवन्सं म्हणाली, "केस वर धर. माझे डोळे गेलेत, बोटं नाही गेली." आणि तिनं गाठ मारली. फार घट्ट नाही, फार सैल नाही.

मग काय, फांदीला पुन्हा कोवळी पानं फुटली. रुंजी वर्षभर ते वेडेवाकडे शिंपले मिरवत होती. चालली की किणकिण वाजायचे. आणि लांब तिकडंही सकाळ झाली असेल. कुणी तरी रुंजीची माळ गळ्याशी धरून कुणापुढं पाठ करून बसलं असेल आणि म्हणालं असेल, बांध गं तेवढी.

तिकडचेही सुखात राहिले, इकडचेही सुखात राहिले. आता पांघरूण वर घ्या आणि डोळे मिटा. निजा, बाळांनो, निजा.